गिअरबॉक्स पाहण्याचा कार्यक्रम

आंबेझरीच्या पंजाबराव गावंडे यांनी आजवर जुळवलेली लग्नं मोजायला बसलं, तर घाटंजी तालुक्यातल्या निम्म्या सासू-सुनांच्या भांडणांचा दोष त्यांच्या माथी मारावा लागेल. पैसा त्यांनी कुणाचा घेतला नाही. शौकच होता तो. मुलाला शेती नाही, नोकरी नाही, डोक्यावर केस नाहीत, तरी पंजाबराव मुलीच्या बापासमोर मांडी ठोकून म्हणत, "स्वभाव तं हाये ना!" आणि स्वभावावर लग्न लागून जाई. मुलाचा स्वभाव कसा आहे ते पुढे मुलगी पाहून घेई.

एवढ्या मोठ्या माणसाला एक गोष्ट मात्र येत नव्हती. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, आणि घरी गाडी होती.

गाडी कांताबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची. नागपूरच्या भावानं नवी घेतली तेव्हा जुनी बहिणीला राखीची ओवाळणी म्हणून देऊन टाकली. जपानी होती, नाव असं की गावात कुणाला उच्चारता आलं नाही, म्हणून सगळे तिला नुसतं 'गाडी' म्हणत. पेट्रोल पीत होती म्हशीसारखी. पण तिची चारही चाकं ओढत. आंबेझरीच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैल बसतो, ट्रॅक्टर रुततो, तिथून ही आपली हळूहळू चालत बाहेर येई. गाव आणि डांबरी रस्ता यांच्या मधोमध नाला. पूर्वी नाल्याला पाणी आलं की आंबेझरी दसऱ्यापर्यंत जगापासून तुटायची. गेली बारा वर्षं तुटली नव्हती, कारण कांताबाई दर बाजाराला गावच्या बायका आणि त्यांच्या भाजीच्या पाट्या भरून नाल्यातून गाडी काढत.

पंजाबराव शिकायला बसले होते एकदा. चौथ्या दिवशी ते गाडीसकट गोठ्यात शिरले. म्हशीनं दोन दिवस दूध दिलं नाही आणि पंजाबरावांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

तिथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे. लग्नाच्या बोलणीला परगावी जायचं तर कांताबाईच नेत, पण गाव दिसू लागलं की पंजाबराव म्हणत, "बस, इथीसाच थांबव." मग एखाद्या बाभळीखाली गाडी लागे, पंजाबराव उतरून धोतर झटकत, आणि यजमानांच्या ओट्यावर चढता चढता सांगत, "ड्रायव्हर गाडी लावून राह्यला." बायकोनं आणून सोडलेल्या माणसाच्या शब्दाला बैठकीत काय वजन राहणार, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे. प्रामाणिक माणसाचा खोटेपणा फार टिकाऊ असतो.

एकदा एका घरच्यांनी माणुसकीनं ड्रायव्हरसाठी बाहेर पोहे पाठवले. कांताबाईंनी खाल्ले, बशी धुऊन परत दिली, आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "ड्रायव्हरचे पोहे बरे होते. मीठ जरा कमी."

त्या दिवशी पंजाबरावांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं.

तर या गाडीचा गिअरबॉक्स मे महिन्यात गेला. आधी तिसरा गिअर सुटायला लागला, मग दुसरा करकरायला लागला, आणि एका बाजाराच्या दिवशी परतताना फक्त रिव्हर्स शिल्लक राहिला. कांताबाईंनी गाडी वळवली आणि चार बायका आणि रिकाम्या पाट्या घेऊन उरलेला रस्ता उलट कापला, नाल्यासकट. पुढे बसलेल्या पंजाबरावांना सबंध वाटभर घाटंजीच दिसत होती. ज्यांना ज्यांना त्यांनी 'आमचा ड्रायव्हर' सांगितलं होतं, त्यातले तिघं रस्त्यात भेटले. पंजाबरावांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

घाटंजीच्या राजदीप मिस्त्रीनं बॉक्स उतरवला, आत बॅटरी मारली आणि हात पुसले. "काका, हा संपला. नवा भेटत नाही, कंपनीनं बनवणंच बंद केलं. जुना शोधा लागन. पण आयका, दिसला बॉक्स का उचलला, असं करू नका. याच गाडीत दोन जाती येतात. एकीची समोरची दोनच चाकं ओढतात, एकीची चारही. दोघींचा बॉक्स समोरून सारखाच दिसते, इंजिनलेही सारखाच बसते. पण आपल्या बॉक्सच्या मागून शाफ्ट निघून मागच्या चाकायले जाते. अन् तसा भेटला तरी त्याचे दात मागच्या क्राऊनशी, म्हणजे मागच्या चाकायमंधल्या दातेरी चक्राशी, जुळले पाह्यजेत. नाई जुळले तं समोरची चाकं एक म्हणतीन, मागची दुसरंच. मंधात सगळं फुटते."

पंजाबरावांचा चेहरा उजळला. "म्हणजे घराणं पाहा, अन् पत्रिकाही पाहा."

"तसंच समजा."

"मंग हे माह्यंच काम हाये."

कांताबाई बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मिरगाच्या आत पाह्यजे. नाल्याले पाणी आलं तं मी घरातच. बारा वर्षं तुमच्या लग्नांसाठी बाभळीखाली बसली. आता माह्या गाडीसाठी तुमी हिंडा."

यात राग नव्हता, आणि म्हणूनच पंजाबरावांना ते लागलं. त्यांनी मनाशी ठरवलं की जगाचं जुळवलं, हिचं जुळवल्याशिवाय मिरगाचा पाऊस अंगावर घ्यायचा नाही.

त्यांनी सगळ्या वधू-वर ग्रुपांवर मजकूर टाकला: 'चारही चाकांचा गिअरबॉक्स पाहिजे. सुस्थितीतला. योग्य स्थळ सुचवावे.' पहिल्या दिवशी तीन मुलांचे बायोडाटा आले. दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याहून खरंच एका बॉक्सचा फोटो आला, समोरून काढलेला.

राजदीपला दुकान सोडता येईना. त्यानं बजावलं, "काका, मागून पाहा." पंजाबराव रीतीप्रमाणे आपल्यासकट पाच जण होऊन गेले, कांताबाई, गुलाब ट्रॅक्टरवाला आणि भजनी मंडळातले दोघे. बॉक्स घरच्यांनी अंगणात पाटावर ठेवला होता, पुसून-तेल लावून, भिंतीकडे पाठ करून. चहा झाला, चिवडा झाला. कांताबाई म्हणाल्या, "उलटा करून पाहा नं जरा."

पंजाबरावांनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. मुलीला उभं राहा, चालून दाखव, केस सोड म्हणणाऱ्या पाहुण्यांशी त्यांनी उभा जन्म भांडण केलं होतं. "आपण असं उलटंपालटं करून पाहत नसतो," ते यजमानांना म्हणाले, "आपल्याले पसंत हाये." मग जेवण झालं. जेवल्यावर स्थळ मोडत नाहीत, हे वऱ्हाडात शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

घाटंजीत राजदीपनं बॉक्स पायानं फिरवला. मागून सपाट. शाफ्ट निघायची जागाच नाही.

"दोनच चाकायचा हाये, काका."

तो परत करायला जाताना पंजाबरावांची जी मान खाली गेली, ती साक्षगंध मोडताना कधी गेली नव्हती. पांढरकवड्याच्या बाई म्हणाल्या, "पाहून नेलता नं तुमी?"

मिरग पाच-सहा दिवसांवर आला, तेव्हा दिग्रसहून फोन आला. सदाशिवराव नावाचे कापसाचे व्यापारी. त्यांची जिनिंग होती, आणि जिनिंगच्या शेडमध्ये अगदी हीच गाडी पडून होती. वर्ष तेच, चाकं चारही ओढणारी. इंजिन जळालेलं, बॉक्स ठणठणीत. या खेपेला पंजाबरावांनी फोटो पुढून मागवला, मागून मागवला, नंबराचा मागवला. राजदीप फोटो पाहून उठून उभाच राहिला. "हेच! काका, दातासकट जुळते. हे सोडू नका."

नवरा-बायको एस.टी.नं दिग्रसला पोचले. सदाशिवराव सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, आवाज जिनिंगच्या मशीनवरून बोलून बोलून मोठा झालेला. त्यांच्या पत्नी भागीरथाबाई दाराच्या चौकटीला टेकून बसल्या. शेडमधली गाडी कापडानं झाकलेली होती. सदाशिवरावांनी कापड काढलं तेव्हा बॉनेटवर हात ठेवला, आणि तो काढायला त्यांना वेळ लागला.

"आमच्या ड्रायव्हरनं इंजिन जाळलं जी हिचं," ते म्हणाले. "गरमीचा काटा लाल्यात गेला, वाफ निघून राह्यली, अन् हा पठ्ठ्या फोनवर बोलत दामटून राह्यला. तवापासून मी ठरवलं, हिचा नटबोल्ट जरी द्याचा तं ड्रायव्हर पाहून द्याचा. पैशाचं नंतर बोलू. तुमची गाडी कोण चालवते?"

प्रश्न साधा होता. मुलगा काय करतो, इतका साधा. पंजाबरावांनी हा प्रश्न हजार वेळा दुसऱ्यांना विचारला होता आणि उत्तर देताना चाचरणाऱ्या बापांना धीर दिला होता. कांताबाई शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्या त्यांच्याकडेच पाहत होत्या. खुणावत नव्हत्या, काही नाही. नुसत्या पाहत होत्या.

"ड्रायव्हर हाये आमचा," पंजाबराव म्हणाले. "आज नाही आला."

"मंग येईन तवा या," सदाशिवराव म्हणाले, आणि गाडीवर कापड ओढलं.

परतीच्या बसमध्ये कांताबाईंनी खिडकीकडची जागा घेतली आणि यवतमाळपर्यंत बाहेर पाहिलं. पंजाबरावांनी फल्ली घेतली, पुडी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी एक दाणा घेतला नाही. पंजाबरावांना सगळं कळत होतं. पण बारा वर्षं दाबलेलं खरं ऐनवेळी तोंडातून निघत नाही, आणि म्हणून त्यांनी आणखी एक खोटं बोलायचं ठरवलं. त्यांनी गुलाबला गाठलं.

"गुलाब, तुले एक दिवस माह्या ड्रायव्हर व्हा लागते."

"काहून? वहिनीनं सोडलं काय चालवणं?"

"तू कारणं नको इचारू. जेवण हाये दिग्रसले."

गुलाब पन्नाशीचा, तीस वर्षं ट्रॅक्टरवर. जेवणाच्या बोलीवर तो विमान चालवायलाही तयार झाला असता. कांताबाई म्हणाल्या, "मीही येतो." पंजाबराव म्हणाले, "तू कायले तरास घेते?" तर त्या म्हणाल्या, "आमचा ड्रायव्हर पाहाले."

असे तिघे दिग्रसला गेले. गुलाबनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्यात कुणाच्या तरी लग्नात मिळालेला रुमाल. सदाशिवरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती वर्षं झाली?"

"तीस," गुलाब म्हणाला.

"बारा," पंजाबराव त्याच क्षणी म्हणाले.

"तीस वर्षायचा अनुभव, आमच्याकडं बारा," पंजाबरावांनी घाम पुसत सारवलं.

"बरं," सदाशिवराव म्हणाले, "माही जीप हाये आंगणात. चक्कर मारून दाखव. रिव्हर्समंधी गाठीच्या मंधून काढ, अन् इथीसा लाव."

जिनिंगच्या आवारात सरत्या हंगामाच्या काही कापसाच्या गाठी रचून ठेवल्या होत्या. गुलाब जीपमध्ये चढला. पहिला गिअर त्यानं असा टाकला की शेडच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. पुढची चक्कर बरी गेली; फक्त आवाज असा येत होता की दाण्याच्या गिरणीत खिळे पडलेत. मग रिव्हर्स. मागे पाहायची गुलाबला सवय नव्हती, कारण ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली असते आणि ट्रॉली आपलं आपण पाहून घेते. जीप सरळ गाठींच्या थप्पीत शिरली. वरची गाठ जरा विचारात पडल्यासारखी थांबली आणि मग टपावर बसली.

गुलाब खिडकीतून म्हणाला, "जेवण नंतर हाये का आधी?"

सदाशिवराव हळूच उठले. ओरडले असते तर परवडलं असतं. "पंजाबराव," ते म्हणाले, "तुमचं नाव मी लई आयकलं होतं. लोक म्हणतात, हा माणूस समोरच्याले फसवत नाही." आणि ते शेडकडे वळले.

तेवढ्यात कांताबाई उठल्या. त्यांनी पिशवी उचलली, पदर खोचला, भागीरथाबाईंना "येतो ताई" म्हटलं आणि फाटकाकडे चालू लागल्या. त्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं नाही. गेल्या खेपेला त्या पाहत होत्या. आता त्यांनी पाहणं सोडलं होतं. गिअरबॉक्स गेला तर जाऊ दे, नाव गेलं तर जाऊ दे, पण ही पाठ करून चालली आहे ती काही बसस्टँडवर थांबणारी नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लख्ख कळलं. लोकांच्या घरची बोलणी सावरणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरचं स्थळ मोडत आणलं होतं.

"सदाशिवराव, थांबा जी!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की आधी कांताबाईच थांबल्या. "हा माह्या ड्रायव्हर नाही. हा ट्रॅक्टर चालवते. मले तं चालवताच येत नाही. मी गोठ्यात घातलती. गाडी हे चालवते. हे, माही बायको. बारा वर्षांपासून. पुराच्या नाल्यातून काढते, घासूनही नाही लागली कुठं. अन् मी गावोगाव सांगत गेलो का ड्रायव्हर हाये. हिले भाईर उन्हात ठेवली अन् मी आत लाडू खाल्ले. लाज वाटली मले, तिची नाही, माही. मले येत नाही याची."

एवढं बोलून ते खाली ओट्यावर बसले.

सदाशिवरावांनी कांताबाईंकडे पाहिलं. "वहिनी, खरं हाये?"

"खरं हाये."

"मंग तुमी चक्कर मारून दाखवा."

कांताबाई परत आल्या, पण जीपकडे गेल्या नाहीत. "मी परीक्षा द्यायले नाही आली भाऊ," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं दिली, तेवढी पुरे. तुमाले बॉक्स द्याचा असन तं द्या. पण त्याच्या आधी मी पाहीन. मागच्या टायमाले आमी न पाहताच होकार देल्ला."

आणि त्या सरळ शेडमध्ये गेल्या. गुलाबकडून त्यांनी रुमाल मागून घेतला, जमिनीवर पसरला, त्यावर पडून गाडीखाली शिरल्या. मागचा शाफ्ट हातानं फिरवून पाहिला. मग वर येऊन आत बसल्या, क्लच दाबला, एकेक गिअर टाकला, काढला, टाकला. बंद गाडीत गिअर टाकण्याचा आवाज तो किती, पण सदाशिवराव कान देऊन ऐकत होते. एकही गिअर करकरला नाही.

"तिसरा थोडा अडते," कांताबाई आतून म्हणाल्या. "वंगण बदललं नाही तुमी."

सदाशिवरावांच्या मिशा हलल्या. "नाही बदललं," ते म्हणाले. वरपक्षानं काढलेली खोड खरी निघावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

चौकटीतून भागीरथाबाई पहिल्यांदा बोलल्या. "अवो, द्या आता. काटा लाल्यात गेला म्हणून मी तुमाले सांगत होती मागं बसून, तवा तुमी अन् ड्रायव्हर दोघंही म्हणले का बायायले काय समजते. द्या त्यायले अन् सुटा."

हे त्या घरात आजवर कुणी पाहुण्यांसमोर बोललं नसावं. सदाशिवरावांनी घसा खाकरला आणि जिनिंगच्या मिस्त्रीला हाक मारली.

दुपारपर्यंत बॉक्स उतरला. भागीरथाबाईंनी त्याला कुंकू लावलं, आणि रीत म्हणून कांताबाईंची ओटी भरली. सदाशिवराव गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि डोळ्यात कापसाचे तंतू गेले म्हणाले. जेवण झालंच, गुलाबनं जीपची भरपाई म्हणून एक पोळी कमी खाल्ली.

आर्णीमार्गे घाटंजीला सरकीची ढेप घेऊन एक मेटॅडोर निघाला होता. त्यात बॉक्स चढवला. केबिनमध्ये चालकाशेजारी एकच जागा. पंजाबरावांनी दार उघडून धरलं, कांताबाई बसल्या, आणि पंजाबराव गुलाबसोबत मागे ढेपीच्या पोत्यांवर चढले. खड्डा आला की बॉक्स हलू नये म्हणून त्यांनी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. धोतराला वंगण लागलं, डोक्यावर ऊन होतं, आणि त्यांना बऱ्याच वर्षांनी असं हलकं वाटत होतं.

आर्णीच्या चौकात गाडी चहाला थांबली. समोरच्या हॉटेलातून एक गृहस्थ लगबगीनं आले. त्यांच्या मुलाचं स्थळ पंजाबरावांकडे होतं, बोलणी अगदी नाजूक वळणावर आलेली.

"पंजाबराव! तुमी, अन् पोत्यावर? गाडी कुठं हाये? अन् ड्रायव्हर?"

पंजाबराव उठून उभे राहिले. इथे कुणी कापड ओढणारं नव्हतं, कुणी पाठ करून निघालं नव्हतं. नेहमीचं वाक्य तयार होतं, जिभेवर होतं.

"ड्रायव्हर समोर बसली हाये," ते म्हणाले. "माही बायको. गाडी तेच चालवते."

मेटॅडोरचं इंजिन चालूच होतं. ते गृहस्थ कानाला हात लावून म्हणाले, "काय म्हणलं?"

केबिनच्या खिडकीतून कांताबाईंचं डोकं बाहेर आलं. "अवो, मोठ्यानं सांगा नं. त्यायले आयकू नाही गेलं."

पंजाबरावांनी ढेपीच्या पोत्यांवर पाय रोवले आणि एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की आर्णीच्या चौकातले सगळे चहाचे कप तोंडाजवळ थांबले.